खुलासा : ज्युलिया ब्युलेटच्या खुनाविषयी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या व्हर्जिनिया सिटी या सोन्याच्या गावातली वेश्या ज्युलिया ब्युलेट आलिशान महालात कुंटणखाना चालवायची, एका रात्रीचे हजार डॉलर घ्यायची, तिचा खुनी कधी सापडलाच नाही आणि तिची अंत्ययात्रा अग्निशमन दलाने काढली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातले शेवटचे सोडून एकही विधान टिकत नाही.

ती कुंटणखाना चालवत नव्हती. डी स्ट्रीटवर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी धंदा करायची. तिथल्या खाणकामगारांची मजुरी दिवसाला चार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे हजाराचा आकडा किती फुगवलेला आहे ते कळेल. गावही नुसत्या सोन्याचे नव्हे. १८५९ मध्ये तिथे सापडलेल्या कॉमस्टॉक नावाच्या खनिजाच्या शिरेत चांदी भरपूर होती आणि ती खोल खाणींतून काढावी लागे.

२० जानेवारी १८६७ रोजी शेजारीण तिला बोलवायला गेली, तेव्हा ती बिछान्यात मृत होती, मारहाण करून गळा आवळलेली. दागिने, फर आणि कपडे गेले होते. चोरीचा हाच माल खुन्याला नडला. काही महिन्यांनी जॉन मिलेन हा फ्रेंच माणूस दुसऱ्या एका वेश्येवर हल्ला केल्याच्या प्रकरणात पकडला गेला. त्याने एका बाईला विकलेले ड्रेसचे कापड ज्युलियाचे निघाले, त्याच्या ट्रंकेतही तिच्या वस्तू सापडल्या. चोरीत सामील होतो, खून इतरांनी केला, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. ज्युरीला ते पटले नाही. २४ एप्रिल १८६८ रोजी त्याला जाहीर फाशी झाली; गर्दीत लेखक मार्क ट्वेनही होता.

अग्निशमन दलाने तिची अंत्ययात्रा मात्र खरोखरच काढली होती. ती त्यांची मानद सदस्य होती.