तुझ्या खोलीत रेंज कुणाची येते?

आज दुपारपासून डोकं तापलंय. भाचीने घरच्या ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, "पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर सिम घेतेय, कुठली कंपनी आणि कुठला प्लॅन घेऊ?" तासाभरात सल्ल्यांचा पाऊस. ही स्वस्त, तिचा डेटा जास्त, आपल्या सगळ्यांकडे हीच. एकानेही विचारलं नाही की बाळा, तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत रेंज कुणाची येते?

माझं पहिलं सिम मी असंच घेतलं होतं. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यात जास्त डेटावाल्या प्लॅनवर बोट ठेवलं, मी मान डोलावली. खोलीवर आले तर रेंज गायब. यायची ती फक्त जिन्यात, तिसऱ्या पायरीवर. नवं शहर, ओळखीचं कुणी नाही. रोज रात्री त्या पायरीवर उभी राहून आईला फोन करायचे. माणसं शेजारून चढत-उतरत असायची, त्यामुळे "बरी आहे, जेवले" याच्यापुढे काही बोलवायचंच नाही. आईला वाटायचं, मुलगी तुटक वागायला लागली.

कंपनीचा नकाशा तुमचा सगळा भाग रंगवून दाखवतो. तो बहुतेक वेळा उघड्यावरचा, गणिताने काढलेला अंदाज असतो. भिंतीआड काय होतं ते त्यात नसतं. फोनचा सिग्नल रेडिओ लहरींवरून येतो. कमी आकड्याच्या, म्हणजे 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, घरात शिरतात. 2300 किंवा 3500 वाल्या भरपूर डेटा वाहून नेतात, पण भिंतीपाशी दमतात. कुठल्या कंपनीच्या कुठल्या लहरी आत पोहोचतात त्यावर सगळं, म्हणून एकाच इमारतीत एकीचा फोन पलंगावर चालतो आणि दुसरी जिन्यात उभी असते. त्याच खोलीत, दार-खिडकी लावून, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेल्या दुसऱ्यांच्या फोनवरून बोलून बघा. नुसत्या काड्या मोजू नका, त्यांचं सगळ्या फोनना सारखं असं माप नाही.

पैसे बघायला हवेत, मान्य. मग नीट तरी बघा! 28 दिवसांचा प्लॅन 'महिन्याचा' म्हणून गळ्यात मारतात, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. किंमत भागिले दिवस, एवढं तरी करा. 'अनलिमिटेड' मोठ्या अक्षरात, मर्यादा बारीक अक्षरात. ती संपली की कित्येक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. 3 एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांहून जास्त! पहिल्यांदा सिम घेणाऱ्या पोराला हे कोण समजावून सांगतं? ही फसवणूक आहे. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

"नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते की," दादा म्हणाला. येते, बऱ्याच देशांत येते. पण पहिल्यांदा सिम घेणाऱ्याला वाटतं, दोष आपल्याच फोनचा असेल, आपल्या खोलीचा असेल. मलाही तसंच वाटलं. सात महिने काढले मी त्या पायरीवर. ज्या रात्री खरंच रडू येत होतं, त्या रात्री फोन केलाच नाही, कारण वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी पाहुणे आले होते आणि जिन्यात सारखी वर्दळ होती.

ग्रुपवर मी जरा जास्तच बोलले. सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं, कळतं मला. पण ती पोरगी पहिल्यांदा घराबाहेर राहतेय. तिला दिवसाला किती जीबी मिळतात हे नंतर बघू. आधी तिला दार लावून आईशी बोलता आलं पाहिजे.

हे लिहितानाच तिचा फोन आला. खोलीतल्या तिघींचे फोन घेऊन दार लावून बघत होती. दोघींचे मध्येच कट झाले. तिसरीच्या फोनवरून मला लावला होता, पांघरुणात शिरून. कुजबुजत होती, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हटलं, आता ठेव आणि आईला लाव.