क्वेकरांनी म्हणे कधी गुलाम ठेवलेच नाहीत!

"क्वेकरांचा गुलामगिरीला पहिल्या दिवसापासून विरोध होता. एकाही क्वेकराने कधी गुलाम ठेवला नाही. क्वेकर खासदार विल्बरफोर्स यांनी १८०७ मध्ये भारतासकट साऱ्या साम्राज्यातली गुलामगिरी संपवली." हा फॉरवर्ड भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरलाय, म्हणून लिहिणं आलं. (क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये निघालेला एक ख्रिस्ती पंथ.)

'एकाही क्वेकराने नाही' हे धादांत खोटं आहे. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनकडेच गुलाम होते. १६८८ मध्ये तिथल्याच जर्मनटाउनच्या चौघांनी निषेधाचा कागद लिहिला, तो आपल्याच पंथातल्या गुलाममालकांना उद्देशून. पंथाच्या स्थानिक मासिक सभेने प्रकरण जड आहे म्हणत तो वरच्या त्रैमासिक सभेकडे ढकलला, तिने बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने निर्णय द्यायचंच टाळलं. पहिल्या दोन सभांचे शेरे त्या कागदावरच आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढे तरी वाचावेत. १७३८ मध्ये बेंजामिन ले या क्वेकराने त्याच वार्षिक सभेत पोकळ पुस्तकात लपवलेल्या लाल रसाच्या पिशवीत तलवार खुपसून गुलाममालकांवर शिंतोडे उडवले. पंथाबाहेर कोण गेलं? ले! सभेत मतं मोजायची पद्धत नव्हती. सगळ्यांचा कौल जुळेपर्यंत ठराव नाही, आणि वजनदार मंडळींपैकी बरेच जण स्वतःच मालक. १७५८ मध्ये गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरलं, आणि जॉन वुलमनसारख्या गुलामगिरीविरोधी क्वेकरांना मालकांच्या घरी समजूत घालायला धाडलं. गुलाम ठेवणाऱ्याला पंथाबाहेर काढायला १७७६ उजाडलं.

विल्बरफोर्स अँग्लिकन होता. क्वेकर शपथ घेत नसत, म्हणून तेव्हा त्यांना हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बसताच येत नसे.

१८०७ च्या कायद्याने गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामगिरी नाही. त्यासाठी १८३३ चा कायदा लागला. २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, आणि कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळलेला. भारतात १८४३ चा पाचवा कायदा आला, तोही मुख्यतः कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानू नये, एवढ्यापुरता.

आता एक मान्य करावंच लागतं. १७८३ मध्ये व्यापाराविरुद्ध संसदेकडे पहिला मोठा अर्ज गेला तो क्वेकरांचाच. १७८७ मध्ये लंडनला जेम्स फिलिप्सच्या छापखान्यात गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली, तिच्या १२ सदस्यांपैकी ९ क्वेकर. पण बंदरोबंदरी हिंडून खलाशांच्या जबान्या, बेड्या, अंगठे आवळायचे स्क्रू असा पुरावा गोळा करणारा थॉमस क्लार्कसन उरलेल्या तिघांतला. त्याचं फॉरवर्डमध्ये नावही नाही.