कापूसच का लावला? – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट मोठी होती आणि मनापासून लिहिलेली होती, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात एंटरप्राइज नावाचं गाव आहे, तिथला 1900 ते 1920 च्या सुमाराचा बाजारहाट, जिन (कापसातून सरकी काढायचा कारखाना), रस्ते, उधारीची दुकानं यावर मी लिहिलं होतं. काकांच्या घरची अडत आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की मी दुकानदाराला सरळ खलनायक करून टाकलंय. जोखीम तोच घेतो, पाऊस गेला तर बुडते ती त्याचीच उधारी. शेतकऱ्याने निदान घरापुरता मका आणि भाजी लावायची, दारापर्यंत कापूसच लावला तर त्याला दुकानदार काय करणार? पुढे किडीने कापूस खाल्ला तेव्हा गाव भुईमुगावर गेलं आणि सुधारलं, म्हणजे अक्कल येण्यासाठी कीडच यावी लागली. हिशेबाच्या वहीत माणसाचा रंग कशाला आणता, वही सगळ्यांना सारखीच. आणि एवढा जाच होता तर लोक गाव सोडून का गेले नाहीत?

जोखमीचं आधी घेतो कारण तिथे तुमचं बरंचसं मला मान्य आहे. दुकानदार स्वतःही उधारीवरच होता. त्याला माल देणारा मोठ्या शहरातला ठोक व्यापारी, त्याच्यामागे बँक, त्या बँकेच्या मागे न्यूयॉर्कचा पैसा, आणि या सगळ्या साखळीत शेवटचा भरवसा एकाच गोष्टीवर, ती म्हणजे ऑक्टोबरात बाजारात येणारी कापसाची गाठ. 1914 साली युरोपात युद्ध पेटलं, न्यूयॉर्कचं कापूस एक्स्चेंज काही महिने बंद राहिलं आणि पौंडाला (वजनाचा पौंड, अर्ध्या किलोला थोडा कमी) 12-13 सेंट असलेला भाव 6-7 सेंटवर आला, तेव्हा शेतकऱ्यांबरोबर दुकानदारही भरडले गेले, लोकांनी एकेक गाठ विकत घ्या अशी मोहीम काढायची वेळ आली. तेव्हा दुकानदार मजेत होता असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की त्याने आपली जोखीम भावात आधीच वसूल करून घेतली होती, आणि ती कशी ते बघा.

मार्चमध्ये शेतकरी दुकानात यायचा. हातात पैसा नाही, जमीन बहुतेकदा दुसऱ्याची. अलाबामात 1910 साली 60 टक्क्यांच्या आसपास शेतं कुळांच्या नाहीतर वाटेकऱ्यांच्या हातात होती. ज्याच्याकडे स्वतःचं खेचर नाही, अवजारं नाहीत, बियाणं नाही, तो अर्धेलीने करायचा, निम्मं पीक मालकाचं. ज्याचं खेचर स्वतःचं तो मक्याचा तिसरा आणि कापसाचा चौथा हिस्सा देऊन सुटायचा. आता पीक हातात येईपर्यंत खायचं काय? तर दुकानदार (कित्येकदा तोच जमीनमालक) महिन्याचा शिधा बांधून द्यायचा, मक्याचं पीठ, खारवलेलं चरबीवालं डुकराचं मांस आणि काकवी. वर थोडी कॉफी, तंबाखू, कापड, खत. या बदल्यात उभ्या पिकावर, खरं म्हणजे अजून पेरलेलंही नाही अशा पिकावर, त्याचा पहिला हक्क कागदावर लिहून घेतला जायचा.

दुकानात एकाच वस्तूचे दोन भाव असायचे, रोखीचा वेगळा, उधारीचा वेगळा, आणि उधारीचा भाव पाव पट चढा असणं ही अगदी सर्रास गोष्ट होती, कुठे कुठे तर त्याहूनही जास्त. रोखीने एक डॉलरची वस्तू वहीत सव्वा डॉलरला लिहिली जाणार. आता काकांनीच हिशेब करावा, मे-जूनमध्ये नेलेलं सामान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फिटणार, म्हणजे पैसा सरासरी सहा महिनेच अडकलेला, त्यावर 25 टक्के, तर वर्षाचा दर 50 टक्के झाला की नाही? आणि बऱ्याच दुकानांत याच्यावर व्याज वेगळं. तुम्ही म्हणता बुडीत उधारीचा खर्च कुठूनतरी काढावाच लागतो. बरोबर आहे, पण तो काढला जायचा प्रामाणिकपणे फेडणाऱ्याकडूनच, आणि त्याला दुसऱ्या दुकानात जायची मुभा नव्हती कारण पीक आधीच एकाकडे लिहून दिलेलं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, कापूसच का? काका, तुम्ही अडतीवर बसलेले आहात म्हणून हे तुम्हाला पटकन पटेल असं वाटतं. उधार देणाऱ्याला तारण काय हवं? जे सडत नाही, जे घरात खाऊन संपत नाही आणि ज्याला पार इंग्लंडातल्या लिव्हरपूलपर्यंत भाव आहे. मका शेतकऱ्याच्या पोटात जातो, भाजी जाते, रताळी जातात, कापूस तेवढा खाता येत नाही. म्हणून दुकानदार विचारायचा की कापूस किती एकर लावणार, आणि त्यावर खात्याची मर्यादा ठरायची. मक्याला एकर वाढवले की खातं आखडलं. अनेक ठिकाणी मालकाला दारापुढची भाजीची पट्टीसुद्धा नको असायची कारण तेवढी जमीन कापसातून गेली. शेतकऱ्याला कळत नव्हतं असं अजिबात नाही, त्याला कापसाशिवाय मार्चमध्ये पीठ मिळत नव्हतं.

आणि त्या पिठाने काय केलं ते मूळ लेखात जागेअभावी राहून गेलं होतं, इथे सांगतोच. नुसतं मक्याचं पीठ, चरबी आणि काकवी महिनोन् महिने खाऊन दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. हाताच्या-गळ्याच्या कातडीवर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, मग डोक्यावर परिणाम आणि शेवटी मरण. लोक संसर्ग समजत होते. 1914 पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथाश्रमांत, वेड्यांच्या इस्पितळांत आणि तुरुंगाच्या शेतावर जेवण बदलून दाखवलं की हा रोग ताटातून येतो. दूध, अंडी, ताजं मांस, शेंगभाज्या दिल्या की माणूस बरा. कापसाचा भाव पडला की त्यानंतरच्या उन्हाळ्यात पेलाग्रा वाढायचा. ज्या गावात जमीन काळजीपूर्वक नांगरली जात होती त्याच गावात मुलं भाजीविना आजारी पडत होती, हे वाचून मला अजूनही संताप येतो आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

जिनवर काय चालायचं ते थोडं बघू, तुम्हाला त्यात रस असणार. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटेपासून खेचरांच्या गाड्यांची रांग लागायची. सुमारे 1500 पौंड सरकीसकट कापूस म्हणजे एक गाडी म्हणजे एक गाठ. गाडी छपराखाली आली की वरून पत्र्याची जाड नळी खाली ओढायची, वाफेच्या इंजिनावरचा पंखा हवा खेचायचा आणि सगळा कापूस वर निघून जायचा, मुलं नळी धरायला भांडायची. खाली करवती पात्यांनी रुई सुटायची, सरकी एका बाजूला, आणि प्रेसमधून सुमारे 500 पौंडांची गाठ बाहेर पडायची, तागाच्या बारदानात गुंडाळलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. तो ताग आपल्याकडचा, बंगालचा. जिनवाला आपली मजुरी बहुधा सरकीतूनच वळती करून घ्यायचा. मग गाठ रस्त्यावर, तिथे खरेदीदार चाकूने बारदान फाडून मूठभर रुई ओढणार, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणून बघणार आणि भाव बोलणार. हा भाव ऐकायला शेतकरी उभा असायचा खरा, पण गाठ ज्याच्या नावावर लिहिलेली तो दुकानदार बाजूलाच. लिहून दिलेलं पीक परस्पर विकणं हा गुन्हा होता. अलाबामात काही काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) तर सूर्यास्तानंतर सरकीसकट कापूस आणि मका विकायलाच कायद्याने बंदी होती, हेतू हाच की वाटेकऱ्याने रात्री चार टोपल्या बाहेर काढून दुसऱ्या दुकानातून काही आणू नये.

वही सगळ्यांना सारखीच, या वाक्यावर मात्र मला तुमच्याशी वाद घालायचाच आहे. उधारीत गोरा शेतकरीही पिळला गेला, भरपूर पिळला गेला, कबूल. पण डिसेंबरात हिशेब व्हायचा तेव्हा गोरा माणूस निदान म्हणू शकत होता की ही बाकी मला पटत नाही, वाचून दाखवा. कृष्णवर्णीय वाटेकऱ्याने असं विचारणं म्हणजे मालकाला खोटारडा म्हणणं धरलं जायचं, आणि त्याची शिक्षा काय होईल हे त्याला माहीत होतं. 1901 च्या राज्यघटनेने अलाबामात त्याचा मताचा हक्क जवळपास काढून घेतला होता, ज्यूरीत त्याचा कोणी नाही, शेरीफ, म्हणजे तिथला पोलिसप्रमुख, त्याचा नाही. उचल घेऊन काम सोडलं तर ती फसवणूकच असं गृहीत धरणारा कायदा अलाबामात होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये अलोंझो बेली या मजुराच्या खटल्यात रद्द केला. म्हणजे कर्ज न फेडणं हा तुरुंगाचा गुन्हा होता, आणि तुरुंगात गेलेल्याला राज्य सरकार कोळशाच्या खाणींना भाड्याने द्यायचं, ते 1928 पर्यंत चाललं.

शेजारच्या मिसिसिपी राज्यापलीकडे आर्कन्सा आहे. तिथे फिलिप्स काउंटीत 1919 साली कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी संघटना काढली, मागणी काय तर कापसाला बाजारभाव मिळावा आणि हिशेब कलमवार लिहून मिळावा. वकीलही केला. 30 सप्टेंबरच्या रात्री एलेन गावाजवळच्या चर्चमध्ये त्यांची सभा चालू असताना गोळीबार झाला, मग आजूबाजूच्या भागांतून हत्यारबंद जमाव आले, सैन्यही आलं. पाच गोरे मेले. मेलेले कृष्णवर्णीय कोणी धड मोजलेच नाहीत, अंदाज शंभरापासून दोनशेच्या वर जातात. खटले भरले ते मार खाणाऱ्यांवर, 12 जणांना फाशीची शिक्षा, एकेका ज्यूरीने काही मिनिटांत निकाल दिला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जमावाच्या दहशतीतल्या खटल्याला न्याय म्हणता येणार नाही असं ठरवलं आणि पुढे ते सुटले. सुरुवात हिशेबाचा कागद मागण्यापासून झाली होती काका, म्हणून मी वहीत रंग आणला.

एलेनमध्ये हे घडलं त्याच 1919 साली 11 डिसेंबरला एंटरप्राइजमध्ये किडीच्या स्मारकाचं उद्घाटन झालं. ही कीड आपली बोंडअळी नव्हे, तांदळात होतात त्या सोंड्यांच्या कुळातला भुंगा, जेमतेम पाव इंच. मादी सोंडेने पात्याला, म्हणजे फुलाच्या कळीला, भोक पाडून आत अंडं घालते आणि पातं बोंड व्हायच्या आधीच गळून पडतं. 1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला, वर्षाला थोडा थोडा सरकत 1915 ला एंटरप्राइज जिच्यात येतं त्या कॉफी काउंटीत पोचला आणि पुढच्या हंगामात पिकाची दाणादाण उडाली. पुढची गोष्ट तुम्ही सांगितलीत तशीच सगळे सांगतात, कीड आली, शहाणपण आलं. पण मधला माणूस बघा. एच. एम. सेशन्स म्हणून गावातला सावकार होता, तो भुईमुगाचं बियाणं घेऊन आला आणि 1916 मध्ये बॅस्टन नावाच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला त्याने भुईमुगासाठी पाठबळ दिलं. बॅस्टनचं कर्ज एका पिकात फिटलं, त्याच्या शेंगा शेजाऱ्यांनी बियाण्याला नेल्या आणि 1917 ला काउंटीत दहा लाख बुशेलच्या (धान्य मोजायचं तिथलं माप) वर भुईमूग निघाला, युद्धामुळे तेलाला मागणी होतीच. अलाबामातल्याच टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतले शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तर आधीपासून जीव तोडून सांगत होते की कापसाने जमीन खाल्लीय, चवळी लावा, रताळी लावा, भुईमूग लावा. 1906 पासून त्यांच्या संस्थेची घोडागाडी अवजारं-बियाणं घेऊन खेडोपाडी फिरत होती. शेतकरी ऐकत होते, मान डोलवत होते आणि कापूसच लावत होते, कारण उधारी कापसावरच मिळत होती. ज्या वर्षी पैसा देणारा भुईमुगावर पैसा द्यायला तयार झाला त्या वर्षी पीक बदललं. स्मारकाची कल्पना बॉन फ्लेमिंग या तिथल्याच व्यापाऱ्याची. स्मारक म्हणजे एका बाईचा पुतळा, तिच्या हातात भुंगा आला तो 1949 ला, आधी नुसता पुतळा आणि कारंजं होतं.

राहिला प्रश्न सोडून का गेले नाहीत याचा. गेले की! 1916 पासून लाखांनी गेले, शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, वेगळ्या डब्यात बसून गेले कारण अलाबामात 1891 पासून रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे होते. कित्येकांना रात्रीच निघावं लागलं, आपल्या स्टेशनावर ओळखतील म्हणून पुढच्या स्टेशनापर्यंत चिखलातून चालत. कामगार न्यायला उत्तरेतून एजंट येत होते, त्यांना अडवायला गावोगाव नियम निघाले. जॉर्जियातल्या मेकन शहराने एजंटाच्या परवान्याची फी 25,000 डॉलर ठेवली, आणि वर अट घातली की त्याच्याकडे स्थानिक 10 पाद्री, 10 कारखानदार आणि 25 व्यापारी यांची शिफारस हवी. म्हणजे मजुराला गावातून न्यायचं तर ज्या वर्गाच्या दुकानात त्याचं खातं, त्यांच्यातल्याच पंचवीस जणांची सही आणायची.