लंडनच्या त्या शर्टावर ‘आपलं’ स्वस्तिक नव्हतं हो

गेले काही दिवस एक पोस्ट फिरतेय, बहुतेक तुमच्याही ग्रुपवर येऊन गेली असेल. ‘लंडनच्या गरीब शिक्षिकेने जगाला दिलेली फॅशन’ अशा थाटाची, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’. अशा गोष्टी मी एरवी वाचून सोडून देते पण ही माझ्या भाचीने पाठवली. ती फॅशन डिझाइन शिकतेय आणि हा मजकूर जसाच्या तसा कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये घालायचा तिचा बेत होता, वर विचारते, “मावशी, तो स्वस्तिकवाला पार्ट कसला भारी आहे ना?” भारी कसलं, डोंबल. म्हणून हा प्रपंच.

ज्यांना पोस्ट आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: व्हिव्हियन वेस्टवुड नावाच्या शिक्षिकेने १९७६ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एकटीने दुकान काढलं, बेकार पोरांना स्वस्तात कपडे मिळावेत म्हणून. तिथूनच पंक फॅशन, म्हणजे फाटके, पिना-साखळ्या लावलेले बंडखोर कपडे, जन्मली. कपड्यांना सेफ्टी पिना लावायची कल्पना तिचीच. त्या पोरांना भारतीय अध्यात्माची ओढ होती म्हणून तिने शर्टावर आपलं मंगल स्वस्तिक छापलं, पण गोऱ्या मीडियाने त्याला नाझी ठरवून बदनाम केलं. मग राणीचा अपमान केला म्हणून सरकारने दुकान कायमचं बंद पाडलं आणि तीस वर्षांनी राणीनेच माफी मागून तिला किताब दिला.

यातलं बाईंचं नाव बरोबर आहे, रस्ता बरोबर आहे आणि ती आधी प्राथमिक शाळेत शिकवायची हेही खरं. बाकी बघू.

‘१९७६ मध्ये, एकटीने.’ दोन्ही चूक. पत्ता ४३०, किंग्ज रोड, चेल्सी, आणि त्या जागेत वेस्टवुडच्या आधीपासून कपड्यांची हटके दुकानं येऊन-जाऊन होती, १९६७ ला ‘हंग ऑन यू’, १९६९ ला ‘मिस्टर फ्रीडम’, मग ‘पॅराडाइज गॅरेज’. वेस्टवुड आणि तिचा तेव्हाचा जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन तिथे आले १९७१ च्या शेवटी आणि त्यांनी नाव दिलं ‘लेट इट रॉक’. विकायचे काय, तर १९५० च्या दशकातल्या टेडी बॉय म्हणवणाऱ्या छानछोकी पोरांचे लांब ड्रेप जॅकेट, जाड क्रेप सोलचे बूट, जुन्या रॉक अँड रोलच्या रेकॉर्ड. पंकचं नावसुद्धा नाही. मग टेडी बॉयचा कंटाळा आला तसं १९७३ च्या सुमारास नाव बदलून ‘टू फास्ट टू लिव्ह, टू यंग टू डाय’, आता माल मोटरसायकलवाल्या रॉकर लोकांचा, चामडं, खिळे, साखळ्या. याच काळातला एक टी-शर्ट आहे ज्यावर ‘रॉक’ हा शब्द कोंबडीची हाडं उकळून, स्वच्छ करून, बारीक साखळीने जोडून लिहिलाय. खरीखुरी हाडं. हे पोस्ट लिहिणाऱ्याला सापडलं असतं तर त्याने यातही काहीतरी अध्यात्म शोधलं असतं.

१९७४ मध्ये नाव पुन्हा बदललं, ‘सेक्स’. दारावर गुलाबी रबरी अक्षरं, माणसाच्या छातीला लागतील एवढी. हे नाव पोस्टमध्ये कुठेच नाही! फॅमिली ग्रुपवर जाणार म्हणून सोवळ्यात ठेवलं असावं, पण त्यामुळे होतं काय की जी दोन-अडीच वर्षं सगळ्यात महत्त्वाची तीच गायब होतात. ग्लेन मॅटलॉक तिथे शनिवारचा पोऱ्या म्हणून कामाला होता, स्टीव्ह जोन्स तिथेच पडीक असायचा, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये जॉन लायडनची ऑडिशन झाली ती दुकानातल्या ज्यूकबॉक्ससमोर उभं राहून, ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला टी-शर्ट घालून. या तिघांचा पंक बँड, मॅनेजर मॅक्लॅरेन, आणि त्या बँडचं सेक्स पिस्टल्स हे नावच मुळात दुकानाची जाहिरात. काउंटरवर जॉर्डन, म्हणजे पामेला रुक, रोज समुद्रकाठच्या सीफर्डहून ट्रेनने यायची, पारदर्शक नेट आणि रबर घालून, डोळ्यांभोवती काळे पट्टे ओढून, आणि डब्यातल्या बाकीच्या पॅसेंजरांची एवढी बोंब व्हायची की रेल्वेवाले तिला फर्स्ट क्लासमध्ये बसवायचे. शिक्षिकाबाईंचं संस्कारी दुकान म्हणे.

‘एकटीने’ हा मुद्दा मात्र सरळ पुराव्याने खोडता येतो. १९७६ च्या डिसेंबरात दुकान ‘सेडिशनरीज’ झालं, त्या काळातले कपडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत, आणि कपड्यांच्या आतल्या लेबलवर दोन नावं छापलेली असतात, माल्कम मॅक्लॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड, खाली ४३० किंग्ज रोड हा पत्ता आणि दुकानाचा फोन नंबरसुद्धा. कोणाचं श्रेय किती यावरून ते दोघं आणि त्यांचे चाहते पुढे आयुष्यभर भांडले हे खरंय. शिलाई, कटिंग, कापडाशी झटापट ही बरीचशी तिची, सुरुवातीला तर क्लॅपहॅमच्या फ्लॅटमध्येच मशीन चालायची, आणि त्या बाईला तिचं श्रेय उशिरा मिळालं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण म्हणून मॅक्लॅरेनला गोष्टीतून हाकलून द्यायचं? लेबल काय म्हणतं ते म्हणतं.

स्वस्त कपड्यांचं थोडक्यात सांगते. स्वस्त नव्हते. बाँडेज ट्राउझर्स म्हणजे दोन्ही पाय पट्ट्याने एकमेकांना बांधलेली, मागे झिपवाली पँट, ती बेकार भत्त्यावर जगणाऱ्या पोराला परवडणारी नव्हतीच. पोरं बाहेरून बघायची, काहीजण उचलून न्यायची आणि बाकीची घरी जाऊन जुना शर्ट फाडून, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगात घालून तसं दिसायचा प्रयत्न करायची. पंक फॅशन गरीब पोरांची होती हे अर्धं खरं मी मान्य करते, पण ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली, ह्या दुकानाच्या दानधर्मातून नाही. आणि हे एकच दुकान नव्हतं, त्याच रस्त्यावर १३५ नंबरला ‘अ‍ॅक्मे अ‍ॅट्रॅक्शन्स’ होतं, तिथे डॉन लेट्स नावाचा जमैकन आईबापांचा मुलगा काउंटर सांभाळत रेगे लावायचा. तो पोस्टमध्ये कशाला येईल.

सेफ्टी पिन? ती न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ मध्ये पेटंट केली. फॅशन म्हणून फाटका शर्ट पिना लावून घालणं हे न्यूयॉर्कच्या रिचर्ड हेल या गायकाचं, मॅक्लॅरेन १९७५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क डॉल्स या बँडच्या मागे तिकडे होता तेव्हा त्याने हेलला पाहिलं आणि तो लुक डोक्यात घेऊन परतला, हे त्याने स्वतः कबूल केलंय. पुढे.

आता ते स्वस्तिक. इथे मात्र मी थांबणार आहे कारण बाकीचं नुसतं अज्ञान आहे, हे घाण आहे.

ज्या शर्टाचा फोटो पोस्टला लावलाय तो ‘डिस्ट्रॉय’ शर्ट, १९७७ चा. पातळ मलमलीचा, बाह्या हातापेक्षा कितीतरी लांब, त्यांना धातूच्या कड्या आणि क्लिप, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात हात बांधून ठेवायला जो अंगरखा घालतात तसा. छातीवर मधोमध मोठं नाझी स्वस्तिक, त्याच्यावर उलटा टांगलेला क्रूसावरचा येशू, बाजूला टपाल तिकिटावरचं राणीचं मुंडकं, आणि ह्या सगळ्यावर मोठ्या अक्षरात डिस्ट्रॉय. नष्ट करा. कोणाची पूजा चाललीय इथे? अध्यात्माची ओढ असलेला माणूस मंगलचिन्ह छापून त्याच्यावर ‘नष्ट करा’ लिहितो का? पोस्टमध्ये फोटो असा कापलाय की वरचा शब्द दिसतच नाही. म्हणजे ज्याने कापला त्याला नीट कळत होतं.

याच्याआधीचा, १९७६ चा ‘अ‍ॅनार्की’ शर्ट घ्या. १९६० च्या दशकातल्या न विकलेल्या वेम्ब्लेक्स कंपनीच्या शर्टांचा जुना स्टॉक उचलून त्यावर रंगाचे पट्टे मारले, घोषणा स्टेन्सिल केल्या, एका बाजूला कार्ल मार्क्सचं रेशमी चित्र शिवलं आणि दुसरीकडे नाझी गरुड, बऱ्याचदा उलटा. गरुड! आता तो गरुड पण आपला गरुडदेव होता म्हणा. आणि ‘सेडिशनरीज’च्या आत भिंतीवर काय होतं तर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने बेचिराख झालेल्या ड्रेस्डेन शहराचा प्रचंड फोटो, समोर पिकॅडिली सर्कसचा फोटो उलटा लावलेला. त्या दुकानात युद्ध भिंतीवर टांगलेलं होतं हो. युद्ध संपून तीस-बत्तीस वर्षं झालेली, ज्यांचे आईबाप बॉम्बखालून वाचले त्या पोरांनी आईबापांच्या वर्मावर बोट ठेवायला ते चिन्ह घातलं. नाझी चिन्ह म्हणूनच घातलं, म्हणून तर त्याचा झटका बसत होता. मीडियाने ठरवायचा प्रश्नच कुठे येतो?

आणि भारताची ओढ असलेले लंडनमध्ये होते, नाही असं नाही, ते हिप्पी. त्यांचाच मॅक्लॅरेनला आणि वेस्टवुडला तिटकारा होता. लेट इट रॉकमध्ये टेडी बॉयचे कपडे विकायला घेतले तेच मुळी हिप्पींना खिजवायला. तेव्हा ओढच शोधायची असेल तर निदान दुकान तरी बरोबर निवडा.

मॅक्लॅरेनचा बचाव असा असायचा की आम्ही त्या चिन्हातली हवा काढली. त्याला वाढवलं त्याच्या आजीने, आणि ते आजीचं घराणं ज्यू, त्यामुळे हा माणूस नाझीप्रेमी होता असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण बचाव लंगडाच आहे. कारण बाहेर रस्त्यावर काय चाललं होतं बघा. १९७६ च्या जूनमध्ये साउथॉलला गुरदीप सिंग चग्गर नावाच्या १८ वर्षांच्या शीख मुलाचा वर्णद्वेषी टोळक्याने भोसकून खून केला. १९७७ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक लुइशममधून मोर्चा काढत होते आणि त्यांना अडवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले. १९७८ च्या मे महिन्यात व्हाइटचॅपलमध्ये शिलाईकाम करणाऱ्या अल्ताब अली या बंगाली तरुणाला घरी जाताना मारलं. ज्या वर्षांत आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना त्या शहरात भोसकलं जात होतं, आणि भोसकणाऱ्यांचे भाऊबंद तेच चिन्ह भिंतींवर रंगवत होते, त्या वर्षांतल्या शर्टावरचं नाझी स्वस्तिक हा ‘भारताचा सन्मान’? अभिमान वाटला तर पुढे पाठवा?

पंकवाल्यांमध्येच याच्यावरून दोन तट पडले होते हेही पोस्टला माहीत नाही. सूझी सू ही पंक गायिका १९७६ मध्ये दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून फिरली आणि तिला ते पुढे कायम चिकटलं. उलट ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वर्णद्वेषविरोधी चळवळवाल्यांनी ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये प्रचंड कार्यक्रम केला, द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, स्टील पल्स हे बँड एका स्टेजवर. अभिमान वाटून घ्यायचाच असेल तर तिकडे बघा की, एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दाताला तारा लावून गायची आणि तिला कोणाचं चिन्ह उसनं घ्यावं लागलं नाही.

उरलं दुकान ‘कायमचं बंद पाडणं’. इथे खऱ्याचा एक तुकडा आहे, देते. १९७५ मध्ये दुकानातला एक टी-शर्ट, दोन अर्धनग्न काउबॉयचं चित्र असलेला, घालून फिरणाऱ्या एका तरुणाला पिकॅडिलीत पोलिसांनी पकडलं, मग दुकानावर धाड पडली, आणि अश्लील प्रदर्शन केल्याबद्दल दोघा मालकांना कोर्टात दंड झाला. बस, दंड. यात राणीचा संबंध शून्य. राणीचं प्रकरण १९७७ चं, तिच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं, तेव्हा पिस्टल्सच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली आणि थेम्सवरच्या बोटीच्या पार्टीनंतर मॅक्लॅरेनला अटक झाली, पण दुकान चालूच. त्या काळात दुकानाच्या काचा वारंवार फुटायच्या, त्या फोडायला सरकार येत नव्हतं, टेडी बॉय आणि फुटबॉलचे फॅन यायचे. १९८० मध्ये मालकांनीच पुन्हा नाव बदललं, ‘वर्ल्ड्स एंड’, आत तिरकी जमीन, दर्शनी भागावर तेरा आकड्यांचं घड्याळ, काटे उलटे फिरणारे. १९८१ चं पायरेट कलेक्शन तिथूनच आलं. वेस्टवुड २०२२ च्या डिसेंबरात वारली तेव्हाही हे ‘कायमचं बंद’ दुकान त्याच पत्त्यावर कपडे विकत होतं.

आणि माफीबिफी कोणी मागितली नाही. तिला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला १९९२ मध्ये, ‘डेम’ (बायकांना मिळणारा ‘सर’सारखा किताब) झाली २००६ मध्ये, दोन्ही फॅशनमधल्या कामासाठी. ओबीई घ्यायला राजवाड्यात गेली तेव्हा बाहेर फोटोग्राफरांसमोर स्कर्टची गिरकी घेतली आणि आत काही घातलेलं नाही हे जगाला कळलं. भाचीला म्हटलं, प्रेझेंटेशनला गोष्टच हवी असेल तर ही टाक, किंवा ती कोंबडीची हाडं टाक. स्वस्तिकाची स्लाइड तिने काढली, आता ग्रुपवरच्या काकांना कोण सांगणार हा प्रश्न आहे, त्यांना ही लिंक मीच पाठवतेय.