धुतला म्हणजे विकायला काढला

आमच्या भागात ट्रॅक्टरला पाणी लावायचे मुहूर्त तीनच. शोरूममधून आणला तो दिवस, खंडेनवमी, आणि विकायचं ठरलं की. या तिन्हींत न बसणाऱ्या एखाद्या रविवारी तुम्ही ट्रॅक्टर धुताना दिसलात, तर गाव स्वतःच निर्णय घेतं आणि तुम्हाला तिसऱ्या मुहूर्तात बसवून मोकळं होतं.

मी नोकरीला सोलापुरात असतो. सुट्टीला मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला असलेल्या शेतावर जातो. त्यामुळे शेतीतलं मला जे कळतं ते सुट्टीपुरतंच कळतं, असं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जुनं मत आहे. ‘आपण ट्रॅक्टर किती दिवसांनी धुवायला हवा?’ हा प्रश्न मी एकदा जेवताना काढला, तेव्हा ते मत कायमचं पक्कं झालं. आप्पांनी भाकरी मोडायची थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, “ह्याला शहरात काम कमी हाय वाटतं.”

मुळात पाण्याचा विषय आमच्या जिल्ह्यात जपून काढावा लागतो. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. उजनी धरण सगळं मिळून ११७ टीएमसीचं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे शून्याच्या खाली मोजल्या जाणाऱ्या साठ्यात, जातं. म्हणून उजनी कधी रिकामी होत नाही, ती ‘मायनसमध्ये’ जाते. इथल्या पोरांना ऋण संख्या शाळेत शिकवाव्या लागत नाहीत, उन्हाळ्यातल्या बातम्या ऐकूनच येतात. शहरातल्या आमच्या घरी वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत आलंय. त्यामुळे ट्रॅक्टर धुण्याचं कानावर पडताच बायकोने पहिला प्रश्न विचारला तो असा: “तेवढ्या पाण्यात किती चादरी निघतील?” सोलापूरची बाई, हिशेब चादरींतच करणार.

बोलण्याच्या ओघात पुतण्याने तिला सांगून टाकलं की ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत हवा कमी आणि पाणी जास्त असतं. नांगरताना चाक जागेवर फिरू नये, वजन पडावं, म्हणून भरतात. एकेका टायरात दीडशे-दोनशे लिटर सहज मावतं. तिने त्या दोन टायरांकडे बराच वेळ पाहिलं. “आणि आपण पिंप भरायला पहाटे उठतो,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून ट्रॅक्टर दारात उभा असला की तिला सुरक्षित वाटतं.

आप्पांचा युक्तिवाद बैलांपासून सुरू होतो. घरात बैलजोडी होती तेव्हा बेंदराला तिला नदीत नेऊन घासायचे, शिंगं रंगवायचे, पुरणपोळी चारायचे. एरवी बैल शेणात बसला तरी साबण घेऊन कुणी धावत नव्हतं.

“बैल कवा गंजला का?” आप्पा विचारतात.

“आप्पा, बैल लोखंडाचा नसतो.”

“मग हा तरी कुठं पुरणपोळी खातो?”

या ठिकाणी माझं तर्कशास्त्र संपतं. आप्पांचं तिथून पुढे सुरू होतं. त्यांच्या मते वाळलेली माती हे कवच आहे. आणि आमची माती कवच व्हायच्या लायकीची आहे, यात वाद नाही. काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल असताना ट्रॅक्टर घातला की ती टायराच्या नक्षीत बसते, तिथून मडगार्डात चढते, मडगार्ड भरलं की पायरीवर उतरते, आणि दोन दिवसांनी वाळली की पाण्याने निघत नाही, छिन्नी मागते. मी एकदा मडगार्डाच्या आतलं एक ढेकूळ उपटलं, तर खाली शोरूममधला लालभडक रंग जसाच्या तसा. आप्पांनी तो सगळ्यांना बोलावून दाखवला. बाहेरचा, उन्हात राहिलेला रंग गुलाबी झाला होता, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

पुतण्याचं म्हणणं याच्या बरोबर उलट. त्याला ट्रॅक्टर आठवड्याला धुवायचाय, तोही फेस काढून. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या जोडट्रॉल्या लागतात, त्यांच्यावरचे दिवे, गोंडे आणि गावाला ऐकू जाणारे स्पीकर पाहून तो वाढलाय. “काका, रील काढायचं तर बोनेट चमकायला पायजे,” असं तो मला समजावतो. रोटरच्या, म्हणजे मागे जोडून माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या, शाफ्टला पाचट आणि दोऱ्या गुंडाळून ऑइल सील फाटायला आलंय, याचं त्याला काही नाही. रोटर रीलमध्ये येत नाही.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. आमच्याकडे अपिलाची शेवटची पायरी मिस्त्री. तो एका रेडिएटरमध्ये डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, “धुतला तरी माझ्याकडंच येतो, न्हाय धुतला तरी माझ्याकडंच येतो. तुमाला कसं यायचंय ते सांगा.”

मग त्याने जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. न धुता येणाऱ्यांचा रोग असा की गळती दिसत नाही. ऑइल पाझरतं, त्यावर धूळ बसते, तिचा थर होतो आणि मालकाला वाटतं माती आहे. खत टाकून किंवा फवारणी करून आलेला ट्रॅक्टर तसाच ठेवला तर युरिया-पोटॅश पत्रा खातात. तिथे आप्पांचं कवच कामाचं नाही, उलट ते ओल धरून ठेवतं. धुऊन येणाऱ्यांचे रोग मात्र जास्त पैशाचे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकू शकतं. प्रेशरची गन जवळ धरली की रेडिएटरच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही. सेल्फमध्ये, डायनामोत, वायरींच्या जोडात पाणी शिरतं. उभ्या सायलेन्सरवर डबा घालायला विसरलं तर त्यातही. आणि सांध्यासांध्यांतलं ग्रीस निघून जातं, म्हणून धुतल्यावर ग्रीसगन फिरवली नाही तर न धुतलेलं बरं. वॉशिंगवाले वरून डिझेल मारून चमकवतात, ते तर त्याला अजिबात पटत नाही. डिझेलने रबरी पाइप फुगतात, आणि त्या चमकेवर पहिल्याच फेरीत सगळ्या वाटेची धूळ बसते.

ज्वारीच्या मळणीबद्दल तर तो हात धुऊन बोलला, म्हणजे खरोखर हात धुऊन आला आणि मग बोलला. मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालतं, कोंडा उडतो, तो सगळा पुढच्या जाळीतून रेडिएटरला जाऊन बसतो आणि काटा लालात जातो. अशा वेळी माणसं पाणी मारतात. ओल्या कोंड्याचा लगदा होतो आणि वाळला की तो निघत नाही. तिथे हवा मारायची, आणि तीही पंख्याच्या बाजूने पुढे. “आत गेलेला पावना आल्या वाटंनंच भायेर काढायचा,” मिस्त्री म्हणाला.

“पण मग धुवायचा किती दिवसांनी?”

“दिवसावर न्हाय ओ. तासावर. अडीचशे तासाला ऑइल बदलायला आणता न्हवं? त्याच्या आदी धुवा. म्हंजे कुठं गळतंय मला दिसतं, आन फिल्टर काढताना माती आत पडत न्हाय. बाकी येळंला काटकीनं माती पाडा आन गप बसा.”

इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण आमच्या ट्रॅक्टरचं तासाचं मीटर बंद आहे. ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून किती तास झाले हे फक्त आप्पांना माहीत, आणि आप्पांच्या मते अडीचशे अजून व्हायचेत.

पाणी ट्रॅक्टरला काय करतं हे आमच्या काठाने २०२५च्या सप्टेंबरात पाहिलं. सीनेला महापूर आला. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत छतापर्यंत पाणी. माणसं, जनावरं, धान्य, सगळ्याचेच हाल झाले आणि ज्यांचे ट्रॅक्टर बुडाले त्यांच्या गिअरबॉक्समधून नंतर ऑइल काढलं तर ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं. त्या काळात ट्रॅक्टर धुवावा का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. आप्पा मात्र त्यानंतर पाण्याच्या बाबतीत जास्तच कडक झाले, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूने आहे.

तरीही ऑइल बदलायची वेळ आलीच. मीटरवर नाही तरी डिपस्टिकवर दिसत होती. हमरस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरला न्यायचं तर तिथे डिझेलचा फवारा. म्हणून ठरलं की घरीच, शेततळ्याच्या पाण्याने, डाळिंबावर फवारायच्या एचटीपी पंपाने धुवायचा. टाकी आधी तीनदा विसळून घेतली. बायकोनेही संमती दिली, कारण वरचं मातीचं पाणी बांधावरच्या नारळांना जाणार होतं.

सगळी मांडामांड झाल्यावर ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, “दादा, पंप चालतोय कशावर?”

पंप चालतो ट्रॅक्टरवर. मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, जोडून. म्हणजे ट्रॅक्टर धुवायचा तर ट्रॅक्टर चालू पाहिजे, चालू असला की तापणार, आणि तापलेल्या ट्रॅक्टरवर पाणी मारायचं नाही. हा पेच मी सोमवारी ऑफिसात सांगितला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा अस्सल सोलापूरकर म्हणाला, “काय करूलालास बे? बादली न्हाई का घरात?” बादलीने धुता आला असता, हे खरं. पण त्या वेळी ते सुचायच्या आत आप्पा तात्यांकडे निरोप धाडून मोकळे झाले होते. तात्या म्हणजे शेजारच्या बांधाचे. त्यांचा ट्रॅक्टर आला, पंप त्याला जोडला, आणि तात्या खुर्ची टाकून बसले.

“इकायला काढला व्हय?” त्यांनी विचारलं.

“न्हाय, सर्व्हिसिंगला न्यायचाय.”

“आसं का,” तात्या म्हणाले. इतक्या समजूतदारपणे म्हणाले की मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ट्रॅक्टर धुताना जे जे निघालं ते ऐका. टॉपलिंकची हरवलेली पिन. चिमणीचं अर्धं घरटं. पायरीच्या खालच्या मातीत रुतलेला बारा-तेराचा पाना. याच पान्यावरून आप्पा आणि मागचा ड्रायव्हर यांची बोलाचाली होऊन तो काम सोडून गेला होता. आप्पांनी पाना हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “त्यानंच ठिवला असंल हितं.” आणि शेवटी इंजिनच्या पुढच्या सीलमधून थेंब थेंब पडणारं ऑइल. मिस्त्री म्हणाला होता तसंच. मी उत्साहाने आप्पांना बोलावून दाखवलं. आप्पा म्हणाले, “बग. कवच काढलंस, लागला गळायला.”

पुसायला मी सोलापूरहून टॉवेल आणले होते, विणण्यात चूक झालेले, वजनावर मिळणारे. ते आईने पाहिले आणि आत नेऊन कपाटात ठेवले. ट्रॅक्टर उन्हाने वाळला.

संध्याकाळपर्यंत चौघेजण येऊन गेले. पहिला फक्त टायर दाबून गेला. दुसऱ्याने कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत एवढंच विचारलं. तिसऱ्याने आईला बाजूला घेऊन, “काय अडचण हाय का? आमाला परकं समजू नगा,” असं सांगितलं, आणि आई बिचारी रात्रभर कसली अडचण आहे याचा विचार करत राहिली. सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, की कर्ज थकलेलं नसताना तुम्ही उगीच घाई करू नका. चौथा एजंट होता. त्याने भोवती एक चक्कर मारली, बोनेटवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “लय चकाचक केलाय. काय लपवायचंय?” आणि साडेतीन लाख सांगितले.

आप्पांना विकायचा नव्हताच, तरी साडेतीन लाख त्यांना झोंबले. “ज्याला विकायचाच न्हाय त्येचा भाव पाडतो म्हंजे काय?” असं ते झोपेपर्यंत म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं आणि रात्रीच पाणी दिलेल्या उसाच्या कडेच्या पट्टीत काहीही कारण नसताना ट्रॅक्टर घालायला लावला. अर्ध्या तासात मडगार्ड भरलं, पायरी गेली, नंबरप्लेट गेली. आप्पांनी तो तसाच, चावडीवरून, चहाच्या टपरीवरून, तात्यांच्या दारावरून फिरवून आणला आणि रस्त्याकडेला उभा केला.

दुपारी एजंट परत आला. या वेळी चक्कर मारली नाही. गळणारं सील चिखलाखाली गेलं होतं.

“चालती गाडी हाय आप्पा,” तो म्हणाला. “कामातली. चार धा देतो.”

आप्पा काही बोलले नाहीत. तो गेल्यावर बराच वेळ ते ट्रॅक्टरकडे बघत उभे होते. मग पुतण्याला हाक मारून विचारलं, पुढच्या आठवड्यात तात्यांचा ट्रॅक्टर मोकळा आहे का बघून ये म्हणून.