शाळा भरते, आणि तो हेर नव्हता

आत्याने फोन केला तो थेट प्रश्न घेऊनच : "काय रे, तिकडे कॅलिफोर्नियात ३० जानेवारीला म्हणे कुणा जपानी हेराच्या नावाने शाळांना सुट्टी? तीही गांधीजींच्या पुण्यतिथीला?" तिचा नातू तिकडे तिसरीत आहे. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'कायदा करून देशद्रोह्याचा उत्सव' असा मेसेज ढकलला होता. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

सुट्टी वगैरे काही नाही. २०१० च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नर दरवर्षी ३० जानेवारीला फ्रेड कोरेमात्सु दिन जाहीर करतात आणि शाळांनी त्या दिवशी नागरी हक्कांवर काही शिकवावं, असं सुचवलेलं आहे. सक्ती नाही. नातवाने डबा न्यायचाच आहे. आणि तारीख त्याच्या जन्माची, १९१९ ची. गांधीहत्येच्या २९ वर्षं आधी तो मुद्दाम जन्मला असेल, तर बोलणंच खुंटलं.

डोकं फिरलं ते 'हेर' या शब्दाने. कोरेमात्सु ऑकलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन नागरिक, गोदीत वेल्डिंग करणारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत होती, तेव्हा १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत कोंडलं. हा गेला नाही. मे अखेर शेजारच्या सॅन लिआंड्रोमध्ये पकडला गेला. खटला हेरगिरीचा नव्हताच. मनाई केलेल्या भागात, म्हणजे जिथे जन्मला वाढला तिथेच, राहिल्याचा होता!

'प्लास्टिक सर्जरी करून नाव बदललं' हे मात्र खरं, नाइलाजाने मान्य करतो. पापण्यांवर शस्त्रक्रिया केली, क्लाइड सारा असं नाव लावलं. कशासाठी? प्रेयसी इटालियन वंशाची, तिला तिथे राहायची मुभा होती. तिला सोडून जायचं नव्हतं म्हणून. त्याने चेहराही फारसा बदलला नाही, बिचाऱ्याचा.

'सुप्रीम कोर्टानेच दोषी ठरवलं' हे अर्धंच खरं. १९४४ मध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या विरोधात गेला. पुढचं मेसेजवाल्याने सोयीने गाळलं. १० नोव्हेंबर १९८३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी त्याची दोषसिद्धी रद्द केली. का, तर सरसकट हाकलण्याची गरज नाही, असं सांगणारे सरकारचेच अहवाल सरकारने सुप्रीम कोर्टापुढे येऊ दिले नव्हते. सरकार माफी द्यायला तयार होतं, ती त्याने घेतली नाही; गुन्हाच केला नाही तर माफी कसली? २०११ मध्ये भारतीय वंशाचे नील कात्याल कार्यवाहक सॉलिसिटर जनरल, म्हणजे सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणारे वकील, होते. त्यांनी आपल्याच कार्यालयाची ही लपवाछपवी जाहीरपणे कबूल केली. यावर आणखी काय पुरावा हवा?

आत्याने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग टाक की ग्रुपवर." टाकलंय. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतायत. ढकलणारे काका अजून गप्प आहेत.