‘डर्टी काऊ’ची दुरुस्ती किरकोळ नव्हती

लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या, ‘डर्टी काऊ’ या सुरक्षा-त्रुटीबद्दल एक विधान सतत फिरत असते: ‘चार-दोन ओळींची चूक, नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, 2016 मध्ये दुरुस्त झाली आणि विषय मिटला.’ यातला नऊ वर्षांचा आकडा बरोबर आहे, कारण 2007 च्या 2.6.22 आवृत्तीपासून ही त्रुटी आजच्या ओळखीच्या रूपात कर्नलमध्ये असल्याचे मानले जाते. बाकीचे विधान मात्र टिकत नाही.

लक्षात आली नाही, हे तर साफ चुकीचे आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2016 च्या दुरुस्तीसोबत स्वतःच नोंदवले आहे की अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हाच दोष, त्याच्या जुन्या रूपात, काढण्याचा प्रयत्न केला होता, तोही नीट जमला नव्हता, आणि आयबीएमच्या एस390 यंत्रांवर अडचणी आल्यामुळे तो बदल मागे घेतला गेला. त्या यंत्रांवर पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बदलल्याची नोंद पेज टेबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमचे कोणते पान मेमरीत कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्यात, होत नसे; ती प्रत्यक्ष मेमरीच्या तुकड्याला जोडलेल्या ‘स्टोरेज की’मध्ये होई. त्यामुळे पेज टेबलमधला डर्टी बिट (पान बदलल्याची खूण) पाहून निर्णय घेण्याची सोय तिथे नव्हती. ती सोय कर्नलच्या 3.9 आवृत्तीत झाली.

‘चार-दोन ओळींची चूक’ म्हणणाऱ्यांनी घटनाक्रम पाहावा. फक्त वाचता येणारी फाइल एमॅप (फाइल मेमरीत जोडणारी सिस्टिम-विनंती) वापरून खासगी स्वरूपात मेमरीत जोडली, तर लिहिताना कर्नलने पानाची वेगळी प्रत काढून तिच्यातच लिहायचे असते; यालाच कॉपी-ऑन-राइट म्हणतात. प्रोक फाइलसिस्टिममधल्या, प्रोग्रॅमची मेमरी फाइलच्या रूपात दाखवणाऱ्या ‘मेम’ फाइलमार्फत लिहू लागल्यावर कर्नल अशी प्रत काढत असे, आणि पान वाचनापुरतेच असल्याने पुन्हा त्याच अटीवर अडकू नये म्हणून ‘लिहायचे आहे’ ही खूण पुसून पान नव्याने शोधत असे. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या भागाने) एमॅडव्हाइज या विनंतीमार्फत ‘हे पान नको’ असे सांगितले, की नुकती काढलेली प्रत टाकून दिली जाई, वाचनाच्या हेतूने पेज कॅशमधले (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या प्रतीतले) मूळ पान हाती येई आणि लिखाण थेट त्यावर होई. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने चालणारा प्रोग्रॅम सामान्य वापरकर्त्याला अशा रीतीने बदलता येत असे. तिन्ही क्रिया सुट्या पाहिल्या तर वाजवी वाटतात, म्हणूनच एखादी ओळ वाचून हा दोष दिसत नाही.

परवानगी नसलेल्या पानावर लिहिण्याची ही वाटच बंद करावी, असेही सुचवले जाते. पण डीबगर (चुका शोधण्याचे साधन) प्रोग्रॅमच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची जागा, ठेवतो तो याच वाटेने.

विषय मिटला, हे म्हणणे सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकून लोक पुढचे अपडेट टाळतात. 2016 च्या दुरुस्तीने खूण पुसणे थांबवले, ‘प्रत काढून झाली’ अशी नवी खूण आणली आणि डर्टी बिट असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवला. डर्टी पान म्हणजे आपलीच प्रत, हे त्यामागचे गृहीतक होते. 2017 मध्ये ट्रान्सपरंट ह्यूज पेजच्या (कर्नल आपोआप वापरत असलेल्या मोठ्या पानांच्या) बाबतीत प्रत न काढताही पान डर्टी ठरवता येते असे उघड झाले आणि दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली. 2022 मध्ये शेअर्ड मेमरीच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरू शकतात अशा) पानांबाबत हेच गृहीतक पुन्हा फसले, कारण मधल्या काळातल्या एका बदलाने तिथे डर्टी बिट सरसकट लागू लागला होता. तेव्हा कुठे ती खूणच काढून टाकण्यात आली, आणि हाती आलेले पान खरोखर या प्रक्रियेच्या (चालू प्रोग्रॅमच्या) एकटीच्या मालकीचे आहे का, हे कर्नल थेट तपासू लागला.